रंग, ऊन आणि जंतू : निळ्या दिव्यामागची जुनी गोष्ट

मंडळी, आजची पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्याभरात एकच व्हिडिओ मला पाच-सहा जणांनी पाठवला. निळा दिवा, त्याखाली धरलेला हात, हातावर जखम, आणि खाली ओळ : 'अँटिबायोटिक फेल, आता उजेडाने इलाज.' सोबतचा प्रश्नही ठरलेला. 'हे खरंय का? आणि आपल्याकडं कुठं मिळतं?' विचारणारे सगळे आपल्याच भागातले. कुणाच्या घरी साखरेचा पेशंट, त्याच्या पायाची जखम भरत नाही. कुणाला मांडीवर गळू होतं, बसतं, पुन्हा होतं. औषधाच्या तीन ट्यूब झाल्या, दोन कोर्स झाले, फरक नाही.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाला काय लावा आणि काय लावू नका हे सांगणं माझं काम नाही. पण या गोष्टीचा इतिहास सांगू शकतो. आणि तो सांगायला हवा, कारण हा 'नवा शोध' अँटिबायोटिकच्या आधीचा आहे. तो ज्या दोन गोष्टींवर उभा आहे, त्या सोलापूरकराला शिकवायला नकोत. एक रंग, दुसरं ऊन.

बोट कापलं आणि माणूस गेला

आधी हे बघू, की अँटिबायोटिक नव्हतं तेव्हा काय होत होतं.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. त्यांच्यावर शांतारामबापूंनी सिनेमा काढला, सोलापुरात त्यांचं घर स्मारक म्हणून जपलंय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण कोटणीस ज्या दवाखान्याचे प्रमुख झाले, त्या दवाखान्याला नाव कुणाचं होतं, हे फार कुणी सांगत नाही. नाव होतं नॉर्मन बेथून यांचं. कॅनडाचे नामांकित सर्जन. चीनमध्ये आघाडीवर जखमी सैनिकांची ऑपरेशनं करत होते. हातमोज्यांशिवाय एक ऑपरेशन करताना त्यांच्या बोटाला कापलं. जखम चिघळली, विष रक्तात भिनलं, आणि १२ नोव्हेंबर १९३९ ला ते वारले. वय ४९.

बघा, हयात ज्याची जखमा बऱ्या करण्यात गेली, तो माणूस बोटाच्या जखमेनं गेला. तो काळच तसा होता. कातडीला भेग पडली आणि तिच्यातून जंतू आत शिरला की पुढं काय होईल ते नशिबावर. आपल्याकडं जुन्या बायका अजून म्हणतात, 'गळवाला हात लावू नको, डोक्यात जाईल.' ती नुसती अंधश्रद्धा नव्हती. त्यामागं डोळ्यांदेखत गेलेली माणसं होती.

उजेडाचा दवाखाना

आता ऊन. १८७७ साली सोलापुरात मोरारजी गोकुळदासांची गिरणी सुरू झाली, आपण जिला जुनी मिल म्हणतो ती. त्याच १८७७ साली इंग्लंडमध्ये डाउन्स आणि ब्लंट या दोघांनी एक साधा प्रयोग जगापुढं मांडला. काचेच्या नळ्यांमध्ये जंतू वाढतील असं पाणी भरलं. काही नळ्या उन्हात ठेवल्या, काही झाकून. झाकलेल्या नळ्या गढूळ झाल्या, उन्हातल्या स्वच्छ राहिल्या. ऊन जंतू मारतं, हे पहिल्यांदा प्रयोगाने दिसलं.

त्याचा इलाज केला तो डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी. स्वतः कायमचे आजारी. सूर्यप्रकाशाचा शरीरावर काय परिणाम होतो, हाच त्यांचा ध्यास. त्या काळात युरोपात कातडीचा टीबी फार होता. चेहऱ्यावर व्हायचा, नाक, गाल, ओठ खात जायचा. माणूस मरायचा नाही, पण तोंड दाखवायचीही सोय राहायची नाही. लोक अशा रोग्याला जवळ करत नसत. आपल्याकडं महारोग्याच्या वाट्याला जे आलं, साधारण तेच.

फिन्सेन यांनी कार्बनच्या झगझगीत विजेच्या दिव्याचा उजेड भिंगांनी एका जागी आणला. भिंगं क्वार्ट्झची, मध्ये गार पाणी खेळवलेलं, म्हणजे कातडी भाजू नये. जिथं उजेड टाकायचा तिथं काचेने दाबून धरायचं, म्हणजे रक्त बाजूला होऊन उजेड खोलवर जाईल. दररोज तास-तासभर, महिनोन् महिने. पहिला पेशंट १८९५ साली, आणि तोही कोपनहेगनच्या वीज कंपनीच्या आवारात, कारण एवढी वीज तिथंच होती! पुढच्याच वर्षी फिन्सेन यांची संस्था उभी राहिली, आणि पहिल्या काही वर्षांतच शेकडो रोग्यांचे चेहरे बरे झाले. १९०३ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना मिळालं. ते इतके आजारी होते की पुढच्याच वर्षी गेले. वय अवघं ४३.

यात एक गंमत आहे. फिन्सेन यांना वाटायचं, अतिनील किरण जंतू मारतात. शंभर वर्षांनी, २००५ साली, डेन्मार्कच्याच संशोधकांनी त्यांची जुनी भिंगं काढून तपासली. निघालं असं की जंतूंना थेट मारणारे अतिनील किरण त्या यंत्रातून रोग्यापर्यंत फारसे पोचतच नव्हते. पोचत होता तो मुख्यतः जांभळा-निळा उजेड आणि त्याच्या लगतचे सौम्य किरण. मग जंतू मरत कसे होते? टीबीच्या जंतूच्या पोटात पोर्फिरिन नावाचं एक रंगद्रव्य स्वतःचंच असतं. ते हा उजेड शोषतं आणि जंतू आतूनच मरतो. म्हणजे आज ज्या निळ्या दिव्याचा व्हिडिओ तुम्ही मला पाठवता, त्याचं तत्त्व १८९५ मध्येच कामाला लागलं होतं. फक्त ते कुणाला कळलं नव्हतं.

उजेडाच्या उपचाराची ही लाट आपल्या देशातही आली. ज्यांच्या नावानं रणजी करंडक खेळला जातो, त्या जामसाहेब रणजितसिंहजींना याचं वेड होतं. जामनगरला १९३० च्या दशकात त्यांच्या नावानं सूर्यचिकित्सेचा दवाखाना उभा राहिला. फ्रान्समधल्या डॉ. जाँ सैदमन यांच्या आराखड्यावरून. उंच मनोऱ्यावर खोल्यांची लांब रांग, आणि सूर्य सरकेल तशी ती रांगच्या रांग फिरायची, म्हणजे पेशंट दिवसभर उन्हात. कातडीचे रोग, मुडदूस, हाडांचे विकार असे पेशंट तिथं जात. माणसाचा उन्हावर केवढा विश्वास होता, हे त्या इमारतीवरून कळतं.

गिरणीतला रंग, दवाखान्यातला रंग

आता दुसरी गोष्ट, रंग. इथं आपल्या पूर्व भागातल्या आणि अक्कलकोट रोडच्या कारखान्यांतल्या मंडळींनी कान टवकारावेत.

कोळशाच्या डांबरापासून कृत्रिम रंग काढायची विद्या एकोणिसाव्या शतकात आली, ती कापडासाठी. १८७६ साली जर्मनीत मिथिलीन ब्लू हा निळा रंग तयार झाला, तोही कापड रंगवायलाच. डॉक्टरांच्या लक्षात आलं, की हा रंग जंतूंना धरतो, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली जंतू उठून दिसतात. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने पुढचा विचार केला. रंग जर नेमका जंतूला धरत असेल, तर नेमका जंतूच का मारू नये? १८९१ साली त्यांनी मिथिलीन ब्लू हिवतापाच्या रोग्यांना देऊन पाहिला. कारखान्यात तयार झालेला रंग औषध म्हणून वापरायची ही सुरुवात.

हा निळा रंग तुम्ही पाहिलेला आहे. सरकारी दवाखान्यात टीबीसाठी बेडका तपासतात तेव्हा काचपट्टीवर लाल रंगासोबत जो निळा वापरतात, तो हाच. दूध डेअरीत दुधातले जंतू अजमावायला नळीत निळा थेंब टाकतात आणि किती वेळात निळेपणा जातो ते बघतात, तोही हाच. आणि लहानपणी तोंड आलं, खरचटलं की लावायचे ते जांभळं औषध? जेन्शन व्हायोलेट. तोही त्याच डांबरी रंगांच्या खानदानातला.

रंग आणि ऊन यांची गाठ पडली ती १९०० च्या सुमाराला म्युनिकमध्ये. ऑस्कर राब नावाचा विद्यार्थी एका रंगाचा सूक्ष्म जीवांवर काय परिणाम होतो ते बघत होता. एक दिवस जीव पटकन मरायचे, दुसऱ्या दिवशी तेच द्रावण असून जगायचे. हिशेब लागेना. शेवटी ध्यानात आलं, फरक उजेडाचा आहे. नुसत्या रंगाने ते मरत नव्हते, नुसत्या उजेडानेही नाही. दोन्ही एकत्र आले की खलास. त्याचे गुरू हेर्मान फॉन तापायनर यांनी पुढं दाखवलं, की यात तिसरा भागीदारही लागतो. ऑक्सिजन.

होतं काय, तर रंगाचा रेणू उजेड शोषतो आणि ती शक्ती शेजारच्या ऑक्सिजनला देतो. ऑक्सिजन खवळतो, आणि समोर येईल त्याला जाळत सुटतो. जंतूचं आवरण, आतली प्रथिनं, डीएनए, काहीच सोडत नाही. पण त्याचा जीव क्षणाचाही नाही, त्यामुळे रंग जिथं बसलाय तेवढ्यातच त्याची झळ.

कापडवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. काही पिवळ्या-नारिंगी व्हॅट रंगांचं सुती कापड उन्हात राहिलं की रंग शाबूत राहतो, पण धागाच विरतो. टॉवेल वाळत घालायच्या दोरीवर होतं ते, आणि जंतूच्या अंगात होतं ते, मूळ किमया एकच. चादरीचं ते नुकसान, जखमेचा तो फायदा.

रंगांच्या कारखान्यातूनच पहिलं खरं जंतुनाशक औषधही आलं. बायर कंपनीच्या गेरहार्ट डोमाक यांनी १९३२ मध्ये प्रोंटोसिल हा लाल रंग उंदरांवर वापरून पाहिला, उंदीर वाचले. १९३५ साली शोध जाहीर झाला. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये उलगडलं, की गुण लाल रंगाचा नव्हताच. शरीरात तो रंग फुटून जो तुकडा सुटतो, तो सल्फा, हेच औषध. सल्फाची गोळी आली, आणि रंग मागं पडला.

पेनिसिलिन आलं, दिवे विझले

फेब्रुवारी १९४१. ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाच्या चेहऱ्यावर संसर्ग झालेला, डोळा गेलेला, माणूस हातचा गेल्यातच जमा. त्याला पेनिसिलिन टोचलं. चार-पाच दिवसांत ताप उतरला, तो जेवायला लागला. पण जगात तेव्हा पेनिसिलिन होतं किती? त्याच्या लघवीतून उरलंसुरलं औषध काढून पुन्हा टोचलं. तेही संपलं. संसर्ग उलटला आणि मार्चमध्ये तो वारला. औषध लागू पडलं होतं, फक्त पुरलं नाही.

चार वर्षांत ते कारखान्यात पिंपांनी होऊ लागलं. आपल्या देशात १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेची त्याला मदत होती. पेनिसिलिन गावोगावच्या दवाखान्यात पोचलं. आजही आपल्याकडं म्हातारी माणसं डॉक्टरला म्हणतात, 'गोळ्या नको, सुई मारा.' सुईवरचा तो विश्वास पेनिसिलिनच्या काळाने कमावलेला आहे.

अशा वेळी तासन् तास दिव्याखाली कोण बसणार? टीबीवर स्ट्रेप्टोमायसिन आलं, फिन्सेन यांचे दिवे अडगळीत गेले. जामनगरचा फिरता मनोरा कौतुकाची वस्तू होऊन राहिला. यात कुणाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दोन आण्याच्या गोळीने जीव वाचत असेल तर माणूस गोळीच घेणार.

चूक पुढं झाली. गोळी स्वस्त आहे म्हणून ती फुटकळ आहे, असं आपण धरून चाललो.

जंतू शिकला

पेनिसिलिन पेशंटला टोचण्याआधीच, १९४० साली, ऑक्सफर्डच्याच अब्राहम आणि चेन यांना असा जंतू सापडला होता, जो पेनिसिलिन फोडून टाकणारा पाचक रस स्वतः तयार करतो. १९४५ साली नोबेलच्या भाषणात खुद्द अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी बजावलं, की औषध दुकानात कुणालाही मिळू लागलं, लोकांनी ते अपुरं घेतलं, तर जंतू मरणार नाहीत, नुसते पक्के होतील. फोड-गळवं करणारा स्टॅफिलोकोकस पेनिसिलिनला जुमानेना, म्हणून १९५९ मध्ये मेथिसिलिन आलं. दोनच वर्षांत, १९६१ मध्ये, त्यालाही न जुमानणारा जंतू इंग्लंडमधून नोंदवला गेला. त्याचंच नाव एमआरएसए.

आज स्थिती काय? २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२.७ लाख माणसं थेट औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे गेली, असा अंदाज लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मृत्यूंत अशा जंतूंचा हात होता ते धरले तर आकडा ५० लाखांच्या जवळ जातो. आपल्या आयसीएमआरच्या जाळ्यातल्या मोठ्या रुग्णालयांत जे स्टॅफिलोकोकस सापडतात, त्यांतले ४० टक्क्यांहून जास्त एमआरएसए निघतात, असं अलीकडचे वार्षिक अहवाल सांगतात. हे मोठ्या रुग्णालयांतलं झालं. गावातल्या गळवांचा हिशेब कोण ठेवतो?

आणि गावात काय चालतं हे तुम्हाला-मला माहीत आहे. खाजतंय? मेडिकलमधून ट्यूब. त्या एका ट्यूबमध्ये स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध, तिन्ही. स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश. खाली नायटा पसरतच असतो, आणि गरज नसताना कातडीवरच्या जंतूंना अँटिबायोटिकची रोजची तालीम मिळते. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. त्याआधी मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन लागू झालं. त्यातली अँटिबायोटिक विकताना दुकानदाराने डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वहीत लिहून ठेवायचं. कायदे आहेत. तुमच्या नावाची नोंद अशा वहीत शेवटची कधी झाली, आठवून बघा.

म्हणून पुन्हा उजेड

औषधं हरायला लागली तेव्हा संशोधक जुन्या कपाटाकडं वळले. कारण सरळ आहे. अँटिबायोटिक जंतूच्या एखाद्याच ठरावीक जागी मारा करतं. जंतूने ती जागा बदलली, की औषध वाया. उजेडाने खवळलेला ऑक्सिजन एकाच वेळी दहा ठिकाणी जाळतो, त्याच्याविरुद्ध डाव शिकणं जंतूला फार अवघड. आणि जंतू एमआरएसए असो की साधा, उजेडाला फरक पडत नाही.

यात दोन वाटा आहेत. एक, नुसता निळा उजेड. जंतूच्या पोटातलं रंगद्रव्यच तो कामाला लावतो. मुरमांवर हा निळा दिवा अमेरिकेत २००२ पासून मान्य आहे. २०१९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की स्टॅफिलोकोकसला जो सोनेरी रंग असतो तीच त्याची ढाल, आणि निळ्या उजेडात ती ढाल विटते. मग साधं जंतुनाशकही त्याला भारी पडतं. पुन्हा रंग विटण्याचीच गोष्ट!

दुसरी वाट, बाहेरून रंग लावून त्यावर उजेड. कॅनडात व्हँकूव्हरच्या मोठ्या रुग्णालयात ऑपरेशनआधी पेशंटच्या नाकात मिथिलीन ब्लू लावून लाल उजेड दिला, कारण स्टॅफिलोकोकसचं घर बहुतेक वेळा नाकात असतं. सोबत अंग पुसायचं जंतुनाशकही होतं. ऑपरेशनच्या जखमेतला संसर्ग ४२ टक्क्यांनी घटला, असं २०१४ साली प्रसिद्ध झालं. ब्राझीलमध्ये साखरेच्या रोग्यांच्या सडलेल्या पायावर असाच रंग आणि उजेड वापरून बोटं कापायची वेळ टळली, असा छोटा अभ्यास आहे. साखरेचे एवढे पेशंट असलेल्या आपल्या भागाने यावर लक्ष ठेवावं.

आता मर्यादा, आणि या नीट वाचा. उजेड कातडीत काही मिलिमीटरच जातो. खोल गळू, हाडापर्यंत गेलेली जखम, रक्तात भिनलेलं विष, इथं दिव्याचा उपयोग नाही. बेथून यांना हा दिवा वाचवू शकला नसता. औषधाला न जुमानणाऱ्या जखमांवर हा अजून कुठंच नेहमीचा उपचार झालेला नाही. अभ्यास आहेत, पण बहुतेक छोटे. किती उजेड, किती वेळ, कोणत्या रंगावर कोणता, हे अजून ठरतंय.

आणि उजेड म्हणजे सगळा एक नव्हे. तान्ह्या बाळाला कावीळ झाली की निळ्या दिव्याखाली ठेवतात. तो डॉक्टरच्या देखरेखीखाली, मोजून, डोळ्यांना पट्टी बांधून. कोड आणि सोरायसिसवर त्वचारोगतज्ज्ञ वेगळे अतिनील किरण देतात, तेही मोजून. कोरोनात आपण मोबाईल-भाजी निर्जंतुक करायला जे यूव्हीचे डबे घेतले, ते तर तिसरंच प्रकरण. ते किरण कातडीवर घेऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनेच तेव्हा बजावलं होतं. उघडी जखम घेऊन सोलापूरच्या मे महिन्यात उन्हात बसणं हा तर शुद्ध वेडेपणा. धूळ, माशा आणि भाजलेली कातडी, एवढंच पदरी पडेल. बावची लावून उन्हात बसल्याने अंगावर फोड येतात, हेही वैद्यांना विचारून घ्या.

गोष्टीचं तात्पर्य

मला यातलं भय वेगळं आहे. उद्या हा दिवा खरंच सिद्ध झाला, स्वस्त झाला, तर आपण त्याचं काय करू? पेनिसिलिनचं केलं तेच? चौकाचौकात 'निळ्या दिव्याचा इलाज' असे बोर्ड लागतील, ऑनलाइन बाराशे रुपयांत दिवा येईल, आणि साखरेचा पेशंट घरीच पाय त्याच्याखाली धरून बसेल. आत जखम हाडापर्यंत जाईल. सिव्हिलला पोचेपर्यंत उशीर झालेला असेल.

फिन्सेन यांचा दिवा चमत्काराने चालला नव्हता. दररोज मोजून, लिहून, महिनोन् महिने पेशंटच्या मागं लागून तो चालला. पेनिसिलिन हरलं, ते औषध कमजोर होतं म्हणून नव्हे. मोजणं आणि लिहिणं आपण सोडून दिलं म्हणून. दिवा नवा असला तरी शिस्त जुनीच लागणार आहे.

म्हणून 'दिवा कुठं मिळतो' हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधीचा प्रश्न हा, की माझ्या जखमेत कोणता जंतू आहे आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं, हे आमच्या गावात कळतं का? याला कल्चर तपासणी म्हणतात. थोडा पू घ्यायचा, जंतू वाढवायचे, कोणत्या औषधाने मरतात ते बघायचं. दोन-तीन दिवसांचं काम. ते न करता एकामागून एक अँटिबायोटिक बदलत राहणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

सरकारी मेडिकल कॉलेज सोलापुरात १९६३ पासून आहे. होटगीहून सोलापूर काही लांब नाही, रेल्वे आहे, एसटी आहे. मग गावातल्या दवाखान्यातून पुवाचा नमुना सोलापूरला जाईल आणि चौथ्या दिवशी रिपोर्ट मोबाईलवर येईल, अशी व्यवस्था होणं फार मोठी गोष्ट आहे का? सिमेंटच्या कारखान्यात राबणारे, ऊस तोडणारे, यंत्रमागावर उभे राहणारे हात आपले आहेत. या हातांना रोज काही ना काही लागतंच. पुढच्या ग्रामसभेत रस्ता-गटाराच्या जोडीने एवढा एक विषय घ्या. पंचायत समितीकडं, जिल्हा परिषदेकडं लेखी मागा. मी बातमी करतो, पण मागणी तुमच्या सहीची हवी.

आणि तोपर्यंत तीन गोष्टी. चिठ्ठीशिवाय ट्यूब नको. सुरू केलेलं औषध डॉक्टरांना न विचारता बंद करू नका, आणि मागच्या वेळचं उरलेलं दुसऱ्याला देऊ नका. साखर असेल आणि पायाची जखम आठवड्यात भरत नसेल, किंवा ताप आला, लाली वर चढू लागली, तर व्हिडिओ बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तुमच्या गावात कल्चर तपासणी होते का, नमुना कुठं पाठवतात, किती दिवस लागतात, किती पैसे घेतात, हे खाली कमेंटमध्ये लिहा. कुणाचं नाव लिहू नका, फक्त गाव आणि माहिती. वीस-पंचवीस गावांची माहिती जमली, की ती कागदावर मांडून मी स्वतः जिल्हा परिषदेत नेऊन देतो.